नदीतला शिंपला आणि समुद्रातला डॉल्फिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या दोघांची तुलना करायचीच कशाला?

दोघांपुढचं संकट एकच आहे, ते म्हणजे पाणी. पाण्यात राहायचं, श्वास घ्यायचा, पोट भरायचं, पिल्लं वाढवायची आणि अंगातल्या मिठाचं प्रमाण सांभाळायचं. शिंपला हे सगळं डोक्याशिवाय करतो, डॉल्फिन माणसापेक्षा जड मेंदू घेऊन करतो. शरीराची रचना किती वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकते हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली जोडी मला सापडलेली नाही.

दुसरं कारणही मोकळेपणाने सांगते. डॉल्फिनवर सगळ्यांचं प्रेम आहे आणि ते असायलाच हवं. पण नदीतल्या शिंपल्याकडे कुणी वाकूनही बघत नाही, आणि जगभरात तो फार वेगाने संपत चालला आहे. दोघांना शेजारी ठेवलं की निदान त्याच्याकडे नजर जाते.

नेमका कोणता शिंपला आणि कोणता डॉल्फिन?

शिंपला म्हणून मी लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस ही जात डोळ्यांसमोर ठेवली आहे. आपल्या नद्या, तलाव, पाझर तलाव आणि कालव्यांच्या तळाशी अर्धा गाळात रुतलेला, बाहेरून काळपट तपकिरी आणि आतून चकचकीत असा जो शिंपला सापडतो, तो बहुतेक वेळा हा किंवा याचा जवळचा भाऊबंद असतो. लांबी साधारण तळहाताएवढी. पदवीच्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा वर्षानुवर्षं शिकवला जातो, त्यामुळे अनेकांनी तो फॉर्मॅलिनमध्येच पाहिलेला असतो, जिवंत नव्हे.

डॉल्फिन म्हणून कोकण किनाऱ्यावरचा हम्पबॅक डॉल्फिन घेतला आहे. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटा पर. लांबी अडीच मीटरच्या आसपास, वजन दोनशे किलोच्या पुढे जाऊ शकतं. मच्छीमार त्याला गादा म्हणतात. दापोली, मालवण, गोवा इथे पर्यटकांना होडीतून दाखवतात तो बहुधा हाच. जिथे याच्याबद्दलची माहिती तोकडी पडते तिथे बॉटलनोज डॉल्फिनचे दाखले दिले आहेत, कारण सगळ्यात जास्त अभ्यास त्याचा झाला आहे. दोघेही समुद्री डॉल्फिनांच्या एकाच कुळातले, डेल्फिनिडी कुळातले. या कुळात सदतीस-अडतीस जाती आहेत आणि ओर्का, म्हणजे ज्याला किलर व्हेल म्हणतात, तोही त्यांतलाच.

तिसऱ्या, कालवं, शिनाणे खातो ते हेच का?

नाही. ते सगळे समुद्रातले किंवा खाडीतले. कालवं खडकाला चिकटून असतात, तिसऱ्या खाडीच्या वाळूत मिळतात आणि शिनाणे धाग्यांनी खडकाला धरून राहतात. नदीतला शिंपला वेगळ्या गणातला आहे. प्रौढ झाल्यावर तो कशालाही चिकटत नाही, तळाच्या वाळू-चिखलात मोकळा राहतो. खाणारे लोक नदीतलेही शिंपले खातात, पण ज्या नदीत गावाचं किंवा कारखान्याचं सांडपाणी येतं तिथला शिंपला कुणीही खाऊ नये. का, ते प्रदूषणाच्या प्रश्नात येईल.

डॉल्फिन मासा नाही, हे माहीत आहे. शिंपला मग कोण?

शिंपला मृदुकाय प्राणी. गोगलगाय, माकूल आणि ऑक्टोपस हे त्याचे नातेवाईक. डॉल्फिन सस्तन प्राणी. त्याच्या पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवाचा एक्स-रे काढला तर आत हाताची आणि बोटांची हाडं दिसतात, आणि पोटाच्या मागच्या बाजूला स्नायूंत बुडालेली कटीची दोन छोटी हाडं असतात. मागचे पाय गेले, त्यांचा हा एवढा अवशेष उरला.

दोघांचा पूर्वज एकच होता का? आणि आधी कोण आला?

पूर्वज एक होता, पण तो फार फार मागे. प्राण्यांच्या वंशवृक्षाची एक मोठी फांदी कीटक, गांडूळ, शिंपले यांच्याकडे गेली आणि दुसरी तारामासे, मासे, पक्षी, माणूस, डॉल्फिन यांच्याकडे. ही फूट पंचावन्न कोटी वर्षांहून जुनी आहे.

आधी कोण, याचं उत्तर मात्र आपल्याच मातीत आहे आणि ते मला फार आवडतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर लाव्हा पसरला. हा लाव्हा एकाच दमात आला नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात लाव्हावर तळी साचत, गाळ बसत असे, झाडं वाढत, आणि मग पुढचा लाव्हा येऊन ते सगळं झाकून टाकी. या मधल्या गाळाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे आणि गोगलगायींचे जीवाश्म मिळाले आहेत. म्हणजे सह्याद्रीचा दगड अजून थरावर थर साचत होता, तेव्हा या भूमीतल्या तळ्यांत शिंपले होते.

डॉल्फिन तेव्हा नव्हताच. त्याचे पूर्वज त्यानंतर दीडएक कोटी वर्षांनी पाण्याकडे वळले, आणि तेही याच उपखंडात. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागात इंडोह्यूस नावाचा, हरणासारखा पाय असलेला छोटा प्राणी राहत असे. त्याचे अवशेष असलेले खडक भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केले होते. त्यांच्या निधनानंतर तो संग्रह हान्स थेविसन या संशोधकाच्या हाती आला. प्रयोगशाळेत काम करताना एक कवटी चुकून फुटली आणि आतलं कानाचं हाड उघडं पडलं. त्या हाडाची एक बाजू जाड होती, आणि तशी जाड बाजू तोवर फक्त व्हेल-डॉल्फिनांच्या कानातच माहीत होती. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झालं. कच्छमध्येही आद्य व्हेलचे बरेच जीवाश्म मिळाले आहेत. आज हयात असलेल्यांमध्ये डॉल्फिन-व्हेलांचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा.

डेल्फिनिडी कुळ तर त्याहून खूप अलीकडचं आहे. शिंपल्याच्या गणाचा इतिहास वीस कोटी वर्षांहून मागे जातो.

दोघं श्वास कसा घेतात?

डॉल्फिन फुप्फुसांनी. त्याचं नाक डोक्याच्या माथ्यावर सरकलेलं आहे. पाठ वर येते, फुस्स असा आवाज होतो, क्षणात उच्छ्वास आणि श्वास दोन्ही उरकतात आणि नाकपुडी घट्ट मिटते. इंजिन बंद केलेल्या होडीत बसलं की डोळ्यांना काही दिसायच्या आधी हा आवाज ऐकू येतो. प्रत्येक श्वास त्याला ठरवून घ्यावा लागतो, म्हणून तो पूर्ण झोपत नाही. मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो, दुसरा जागा राहतो, मग पाळी बदलते.

शिंपला कल्ल्यांनी. त्याच्या मागच्या टोकाला दोन फटी असतात. एकीतून पाणी आत जातं, दुसरीतून बाहेर पडतं. कल्ल्यांवरच्या लाखो सूक्ष्म केसांची एकसारखी हालचाल हा प्रवाह चालू ठेवते. उन्हाळ्यात नितळ, संथ पाण्यात शिंपला तसाच पडू द्या आणि जवळ बसून बघा. आत जाणाऱ्या फटीच्या कडेला बारीक बोटांसारख्या झालरी दिसतात. पाण्यातला कण तिथवर येतो, थबकतो आणि अचानक आत ओढला जातो. तुमची सावली त्यावर पडली की फट मिटते. त्याला डोळे नाहीत, तरी उजेड-सावलीतला फरक कातडीला कळतो.

पाणी खराब झालं की शिंपला आपला शिंपा, म्हणजे वरचं कवच, मिटून घेतो आणि बराच काळ जवळजवळ ऑक्सिजनशिवाय काढतो. डॉल्फिनला ती सोय नाही. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर तो काही मिनिटांत गुदमरतो. त्याच्या मरणाचं हे एक मोठं कारण आहे.

गोडं पाणी आणि खारं पाणी, याने शरीराला काय फरक पडतो?

माझ्या मते तुलनेतला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे झिरपतं. शिंपल्याच्या रक्तात क्षार आहेत, बाहेरच्या नदीच्या पाण्यात त्याहून कमी. त्यामुळे बाहेरचं पाणी सतत त्याच्या अंगात घुसत राहतं. त्याने काही केलं नाही तर तो फुगून मरेल. म्हणून त्याची उत्सर्जनाची इंद्रियं अहोरात्र पाणी बाहेर काढत राहतात आणि त्याचे कल्ले नदीतून क्षार वेचून परत रक्तात आणतात. यात शक्ती खर्च होते. ती वाचवायचा त्याने काढलेला मार्ग असा, की रक्तच पातळ ठेवायचं. नदीतल्या शिंपल्यांचं रक्त हे प्राणिसृष्टीतल्या सर्वांत कमी क्षारांच्या रक्तांपैकी आहे. आत-बाहेर फरक कमी, म्हणून झिरपही कमी.

डॉल्फिनचं नेमकं उलट. चहूकडे पाणी, पण ते त्याच्या रक्तापेक्षा तिपटीने खारट. ते पिऊन त्याची तहान भागत नाही. त्याला पाणी मिळतं ते माशांच्या अंगातून आणि स्वतःच्या शरीरात चरबी जळताना तयार होणाऱ्या पाण्यातून. जादा मीठ टाकायला त्याची मूत्रपिंडं शेकडो छोट्या पाळ्यांची बनलेली असतात. कातडी पाणी जवळजवळ झिरपू देत नाही, आणि डॉल्फिनला घामाच्या ग्रंथी नसतात.

म्हणजे एकजण आयुष्यभर पाणी बाहेर ढकलतो आणि दुसरा आयुष्यभर पाणी वाचवतो. उपाशी डॉल्फिन तहानेनेही मरतो, हे वाक्य मी वर्गात नेहमी सांगते, कारण मासेमारी अति झाली की डॉल्फिनचं काय होतं ते त्यातून लगेच कळतं.

शिंपल्याला मेंदू नाही, मग त्याला काही कळतं कसं?

मेंदूऐवजी त्याच्याकडे चेतापेशींच्या गाठींच्या तीन जोड्या आहेत: एक तोंडाजवळ, एक पायात, एक मागच्या बाजूला. त्या एकमेकींना चेतातंतूंनी जोडलेल्या असतात. पायात तोल कळण्यासाठी एक सूक्ष्म पिशवी असते, तिच्यात खनिजाचा कण असतो. कण ज्या बाजूला टेकतो ती खालची बाजू, हे प्राण्याला समजतं. आपल्या आणि डॉल्फिनच्या आतल्या कानातही तोल राखायला चुन्याचे सूक्ष्म खडे असतात. पंचावन्न कोटी वर्षांच्या दुराव्यानंतरही युक्ती तीच, हे बघून मला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

त्याचं हृदयही असंच चकित करणारं. तीन कप्प्यांचं, आणि आतड्याचा शेवटचा भाग थेट हृदयाच्या मुख्य कप्प्यामधून जातो. विच्छेदन करताना विद्यार्थी हमखास विचारतात, आपण चुकीचं तर कापलं नाही ना. नाही, ते तसंच असतं.

शिंपल्याला वेदना होतात का? इजा झाली की तो आक्रसतो, शिंपा मिटतो. पण आपण ज्याला दुःख म्हणतो ते जाणवायला लागणारी रचना त्याच्यात दिसत नाही. तरीही उगाच उकलून बघायला एवढं कारण पुरेसं नाही.

आणि डॉल्फिन आवाजाने बघतो म्हणजे काय?

नाकाच्या आतल्या मार्गात ओठांसारख्या घड्या असतात. त्यांतून हवा ढकलून तो टिकटिक आवाज काढतो. कपाळातला चरबीचा गोळा त्या आवाजाला दिशा देतो. समोरच्या वस्तूवर आपटून आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातल्या चरबीतून कानापर्यंत पोचतो. गढूळ खाडीत, रात्री, वाळूखाली दडलेला मासासुद्धा त्याला असा सापडतो.

बॉटलनोज डॉल्फिन यापुढे जातात. प्रत्येकाची स्वतःची एक शीळ असते आणि दुसऱ्याने ती शीळ घातली की ज्याची आहे तो उत्तर देतो. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे काही माद्या चोचीवर समुद्री स्पंज धरून तळ उकरतात, म्हणजे तोंड खरचटत नाही, आणि हे त्या आईकडून शिकतात. प्रौढ बॉटलनोजच्या मेंदूचं वजन दीड किलोच्या पुढे असतं.

दोघं खातात काय?

डॉल्फिनचे दात शंकूसारखे, सगळे एकसारखे. ते चावायला नाहीत, पकडायला आहेत. बोय, तारली, ढोमी असे किनाऱ्याजवळचे मासे तो धरतो आणि सबंध गिळतो. पोटाला अनेक कप्पे आहेत, खूरवाल्या पूर्वजांची ती आठवण.

शिंपला पाण्यातली शेवाळं, जीवाणू, सेंद्रिय कण गाळून घेतो. जे कण नको असतात ते चिकट स्रावात गुंडाळून तळावर टाकतो. परिणाम असा की पाण्यात तरंगणारी घाण तळाशी बसते आणि तिथल्या किड्यांना, अळ्यांना, मग माशांना खाद्य मिळतं. मोठा शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळतो. ज्या नदीपात्रात दर पावलाला शिंपले आहेत तिथे हे केवढं काम होत असेल याचा विचार करा, आणि त्यासाठी वीजबिल नाही, यंत्र नाही.

पिल्लांचं काय? शिंपला अंडी टाकून मोकळा होत असेल ना?

मुळीच नाही. इथे शिंपला डॉल्फिनइतकाच गुंतागुंतीचा आहे.

नर शुक्राणू पाण्यात सोडतो. मादी ते श्वासाच्या पाण्याबरोबर आत ओढते आणि अंडी तिच्या कल्ल्यांच्या कप्प्यांत वाढतात. म्हणजे तिचे कल्ले श्वास घेतात, अन्न गाळतात आणि पाळणाघरही होतात. त्यातून ग्लोचिडियम नावाच्या अळ्या बाहेर पडतात. मिलिमीटरचा छोटासा अंश एवढ्या, संख्येने लाखांत. या अळीला माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिमटा घेऊन धरावंच लागतं. काही दिवस किंवा आठवडे ती माशाच्या अंगावर परजीवी म्हणून राहते, रूप बदलते आणि मग छोटा शिंपला होऊन तळावर पडते. मासा मिळाला नाही तर ती मरते. बऱ्याच जातींना ठरावीक माशांच्याच जाती लागतात.

अमेरिकेतल्या लॅम्पसिलिस या शिंपल्याची मादी तर आपल्या अंगाची कड माशासारखी हलवते. त्यावर डोळ्यासारखा ठिपकाही असतो. मोठा मासा भक्ष्य समजून झडप घालतो आणि त्याच्या तोंडावर अळ्यांचा लोट येतो. डोळे नसलेल्या प्राण्याने डोळ्याचं सोंग वठवावं, हे कितीदा वाचलं तरी जुनं होत नाही.

यातून एक गोष्ट निघते. शिंपला स्वतः जागचा फारसा हलत नाही. त्याचा एकच मजबूत पाय असतो, नांगराच्या फाळासारखा, आणि त्याने तो दिवसभरात थोडंसं अंतर काटतो. नदीत वर चढायचं असेल तर पिल्लूपणी माशावर बसूनच जावं लागतं. बंधारा घातला, मासा वर जायचा थांबला, की वरच्या भागातल्या शिंपल्यांची पुढची पिढी थांबते. जुने शिंपले दिसत राहतात म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

डॉल्फिनचा हिशेब वेगळा. बॉटलनोजमध्ये गर्भारपण साधारण बारा महिने, पिल्लू एक, आणि जन्मताना बहुधा शेपटी आधी बाहेर येते. दूध दीड-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. आईचं पुढचं पिल्लू कित्येक वर्षांनी. त्यामुळे गावाजवळच्या कळपातल्या दोन-चार माद्या गेल्या, तर तो तोटा भरून निघायला फार काळ लागतो.

जास्त कोण जगतो, आणि वय कळतं कसं?

डॉल्फिन जिंकेल असं सगळ्यांना वाटतं. बॉटलनोजच्या काही माद्यांनी साठी ओलांडल्याची नोंद आहे. पण युरोपच्या थंड, स्वच्छ नद्यांत राहणारा मोत्याचा शिंपला, मार्गारिटिफेरा, शंभर वर्षांहून जास्त जगतो. आपल्या ऊबदार पाण्यातल्या लॅमेलिडेन्सला एवढं आयुष्य नाही.

वय मोजायची पद्धत दोघांची सारखीच. शिंप्यावर वाढीची वलयं उमटतात. डॉल्फिनचा दात उभा कापला की त्यातही वर्षागणिक थर दिसतात.

प्रत्येक शिंपल्यात मोती असतो का?

नाही. शिंप्याचा आतला चकचकीत थर आणि मोती एकाच पदार्थाचे असतात, पण नैसर्गिक मोती क्वचितच मिळतो. मोतीपालनात शिंपल्याच्या आत मणी किंवा साचा बसवतात आणि शिंपला त्यावर थर चढवतो. आपल्याकडे यासाठी लॅमेलिडेन्सच वापरतात आणि भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत त्याचं प्रशिक्षण मिळतं. एक कळकळीची विनंती: मोती बघायला म्हणून नदीतले शिंपले फोडू नका.

नदीतला शिंपला आणि समुद्री डॉल्फिन कधी एकमेकांजवळ येतात का?

येतात. इरावडी डॉल्फिन समुद्री डॉल्फिनांच्याच कुळातला, पण तो ओडिशातल्या चिलिका सरोवरात राहतो आणि म्यानमारच्या इरावती नदीत, कंबोडियाच्या मेकाँग नदीत तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहतो. मेकाँगमध्ये त्यांची संख्या शंभरच्या आसपास उरली आहे. ॲमेझॉन नदीतला टुकुशीही याच कुळातला. तिथे डॉल्फिन वर आणि शिंपला खाली, एकाच पाण्यात असतात.

मात्र गंगेतला डॉल्फिन, जो आपला राष्ट्रीय जलचर आहे, तो या कुळातला नाही. त्याचं कुळ वेगळं आणि नजर जवळजवळ गेलेली.

कोकणात हे दोघं भेटत नाहीत, पण नदी दोघांना जोडते. मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते आणि त्या मुखाबाहेरच डॉल्फिन दिसतात. नदीतून येणारा गाळ, अन्नद्रव्यं, मासळी आणि विषं हे सगळं तिथे पोचतं.

प्रदूषणाचा फटका जास्त कोणाला?

दोघांना, पण वेगळ्या तऱ्हेने. शिंपला पाणी गाळतो म्हणून पाण्यातले जड धातू त्याच्या मांसात साठत जातात. सांडपाण्यातला अमोनिया छोट्या शिंपल्यांना फार लवकर मारतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ मध्ये गोड्या पाण्यातल्या अमोनियाची मर्यादा कडक केली, तेव्हा शिंपल्यांची ही नाजूकता त्यामागचं एक प्रमुख कारण होती. माशांना जे पाणी चालतं ते शिंपल्याच्या पिल्लाला चालेलच असं नाही.

डॉल्फिनपर्यंत विष अन्नसाखळीतून चढत जातं. छोट्या माशातून मोठ्या माशात, तिथून त्याच्या चरबीत. मादी दुधावाटे यातला मोठा वाटा आपल्या पहिल्या पिल्लाला देते. फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरात १९७० पासून डॉल्फिनांचा अभ्यास चालू आहे. तिथे पहिलटकरणींची पिल्लं दगावण्याचं प्रमाण जास्त आढळलं आणि हे विष त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

शिंपल्याच्या या संवेदनशीलतेचा उपयोग पोलंडने करून घेतला आहे. पोझ्नान शहराच्या पाणीपुरवठ्यात आठ शिंपले नेमलेले असतात. त्यांच्या शिंप्यांना संवेदक जोडलेले असतात. पाण्यात काही गडबड झाली आणि ते एकदम मिटले, की यंत्रणा इशारा देते. काही महिन्यांनी त्यांना पुन्हा पाण्यात सोडून नवे आणतात. आपल्या महापालिकांनी हे जरूर बघावं.

शिंपले खरंच कमी होत आहेत का?

लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस ही जात आज धोक्यात धरली जात नाही. पण जगाचा विचार केला तर गोड्या पाण्यातले शिंपले हा सर्वांत संकटात असलेल्या प्राणिगटांपैकी एक आहे. अमेरिकेत त्यांच्या सुमारे तीनशे जाती. १८९१ मध्ये आयोवा राज्यातल्या मस्कटीन इथे जॉन बोपल या जर्मन कारागिराने शिंप्यांची बटणं बनवायला सुरुवात केली आणि पुढची काही दशकं मिसिसिपी नदीतून शिंपले अक्षरशः टनावारी उपसले गेले. मग धरणं आली, गाळ आला, १९८०च्या दशकात झेब्रा शिंपला हा परका पाहुणा आला. २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने ज्या २१ जाती नामशेष म्हणून संरक्षित यादीतून काढल्या, त्यांत आठ गोड्या पाण्यातले शिंपले होते. बातम्यांत पक्ष्यांची नावं आली, शिंपल्यांची क्वचितच.

आपल्याकडे मला सर्वांत जास्त भीती वाळूउपशाची वाटते. शिंपल्याचं घर म्हणजे नदीची वाळू. पोकलेन पात्रात उतरला की वाळूबरोबर शिंपलेही ट्रकमध्ये जातात. उरलेल्या खड्ड्यात चिखल साचतो, वर जलपर्णी पसरते, खालचा ऑक्सिजन संपतो. वाळूउपशाविरुद्ध बोलताना आपण विहिरींच्या पाण्याबद्दल बोलतो, पुलांच्या पायांबद्दल बोलतो. त्या यादीत शिंपल्याचंही नाव असायला हवं.

डॉल्फिन हुशार आहे, म्हणून त्याला वाचवणं जास्त महत्त्वाचं नाही का?

हुशारीमुळे आपली एक जबाबदारी नक्की वाढते, ती म्हणजे त्याला कोंडून न ठेवण्याची. भारत सरकारने २०१३ मध्ये डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या तलावांना मनाई केली, ते अगदी योग्य झालं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन आहेत. हम्पबॅक डॉल्फिन आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त आहे, त्यामुळे हे संरक्षण त्याला हवंच आहे.

पण वाचवण्याचा क्रम हुशारीवर लावणं मला पटत नाही. नदीचं पाणी गाळणारा गेला तर ते काम डॉल्फिन करणार नाही. शिवाय शिंपला टिकावा म्हणून जे करावं लागतं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणं, माशांना वाट देणं, वाळू राखणं, त्याचा फायदा नदीच्या मुखाशी शिकार करणाऱ्या गाद्याला आपोआप मिळतो.

शिंपला घरच्या फिशटँकमध्ये ठेवता येईल का?

ठेवू नका. स्वच्छ टँकमध्ये त्याला पुरेसं खाद्य मिळत नाही आणि तो हळूहळू उपाशी मरतो. मेला तरी शिंपा मिटलेलाच राहू शकतो, त्यामुळे कळत नाही, आणि पाणी सडून मासेही जातात.

आमच्या नदीत शिंपले आहेत का, हे कसं बघू?

पाणी उतरलं की मार्च-एप्रिलमध्ये काठाने चाला. उथळ पाण्यात चिखलावर बोटाने ओढल्यासारखी रेघ दिसली तर तिच्या एका टोकाला शिंपला असतो. रिकामे शिंपे नुसते आहेत की जिवंतही आहेत ते बघा, आणि लहान शिंपले दिसतात का तेही. फक्त मोठेच असतील तर पिल्लं तयार होत नाहीत असं समजा. उचलून पाहिलात तर ज्या बाजूने रुतला होता त्याच बाजूने परत ठेवा. नदीचं नाव, ठिकाण, तारीख आणि फोटो नोंदवून जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला द्या.

किनाऱ्यावर डॉल्फिन वाहून आलेला दिसला तर?

वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तो जिवंत असेल तर गर्दी हटवा. ओलं कापड अंगावर टाकून सावली करा आणि समुद्राचं पाणी शिंपडत राहा, पण माथ्यावरची नाकपुडी झाकू नका आणि तिच्यात पाणी जाऊ देऊ नका. शेपटीला किंवा वल्ह्यांना धरून ओढू नका, सांधे निखळतात. स्वतःहून पाण्यात ढकलायची घाई करू नका, कारण आजारी असेल तर तो पुन्हा किनाऱ्याला लागतो. मेलेला असेल तरी कळवा. त्याच्या दातावरून वय, पोटावरून आहार आणि चरबीवरून विषाचं प्रमाण कळतं, आणि कोकणातल्या डॉल्फिनांची बरीच माहिती अशाच मेलेल्या प्राण्यांमधून मिळते.